आधी कातरकाम, मग लेखन

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीचे बालरुग्ण येऊ लागतात. ताप नसतो, खोकला नसतो, पोटही बिघडलेले नसते. आई सांगते, "डॉक्टर, लिहायला बसवलं की हात दुखतो म्हणतो. पेन्सिल नीट धरतच नाही." वय विचारावे तर साडेतीन, फार तर चार वर्षे. मग दप्तरातून वही बाहेर येते. एकच अक्षर पानभर गिरवलेले असते. वरच्या ओळीत ते जरा तरी उभे असते, खाली येता येता पार आडवे झालेले असते आणि समासात लाल शाईचा शेरा असतो. कोणी टॉनिक मागतो, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या. हाडे ठिसूळ आहेत का, अशी शंकाही काही पालक विचारतात.

तपासून पाहावे तर यांतली बहुतेक मुले ठणठणीत असतात. साडेतीन वर्षांच्या हाताला आपण सहा वर्षांच्या हाताचे काम सांगितलेले असते, एवढेच त्या दुखण्याचे कारण. लिहिणे ही हाताची पहिली इयत्ता नव्हे. त्याआधी हाताला बऱ्याच इयत्ता पार कराव्या लागतात आणि त्यांतली एक फार महत्त्वाची, स्वस्त आणि मुलांना मनापासून आवडणारी इयत्ता म्हणजे कातरकाम. नेमकी तीच आपण गाळतो. घरात कात्री मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कपाटावर ठेवलेली असते आणि पेन्सिल मात्र तिसऱ्या वर्षीच हातात कोंबलेली असते. या आठवड्यात त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

हात कसा तयार होतो?

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळहातावर आपले बोट ठेवले तर ते घट्ट मूठ आवळते. ही मूठ बाळ ठरवून आवळत नाही. ती उपजत प्रतिक्रिया असते आणि साधारण चार ते सहा महिन्यांत नाहीशी होते. मग बाळ स्वतःहून वस्तू धरू लागते. आधी सगळ्या पंजाने, खुळखुळा धरावा तशी. नऊ-दहा महिन्यांचे झाले की जमिनीवर सांडलेला चुरमुरा ते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलते. घरच्यांना तो चुरमुरा तोंडात जाईल याची काळजी असते आणि ती रास्तच आहे. पण बालरोगतज्ज्ञाला ती चिमूट पाहून बरे वाटते. पुढे सुईत दोरा ओवणे, शर्टाची गुंडी लावणे, पेन्सिल धरणे ही सारी कामे याच चिमटीतून व्हायची असतात.

आपल्या मनगटात आठ लहान लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात आणि क्ष-किरण चित्रात दिसतही नाहीत. पहिल्या वर्षात त्यांतली साधारण दोन हाडे दिसू लागतात. सहा-सात वर्षांपर्यंत सात हाडे दिसतात आणि आठवे त्याच्याही नंतर. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला पाने भरून लिहायला लावतो, त्या वयात त्याचे मनगट अजून घडतच असते. अर्थात केवळ हाडांवर सगळे अवलंबून नाही. तळहातातले छोटे स्नायू, कोपर आणि खांद्याची स्थिरता आणि या सर्वांना हुकूम देणारा मेंदू यांचा मेळ बसावा लागतो. तो मेळ वापराने बसतो.

मेंदूच्या दृष्टीने हाताचे महत्त्व किती, हे कॅनडातील मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९३७ साली दाखवून दिले. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी सौम्य विजेचा स्पर्श करून, कोणत्या जागेवरून शरीराचा कोणता भाग हलतो याची त्यांनी नोंद ठेवली. अख्ख्या पाठीपोटाला मेंदूत जेवढी जागा मिळते, तिच्यापेक्षा कितीतरी मोठी जागा एका हाताला मिळालेली आढळली. हात राबतो तेव्हा मेंदूचा एक मोठा भाग राबत असतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

कात्रीच का?

कात्री चालवताना मुलाला तीन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात.

पहिली, बोटे उघडणे आणि मिटणे. मूठ मिटणे तर बाळ जन्मतःच जाणते. उघडणे, तेही बेताने उघडणे, शिकावे लागते. नवशिकी मुले कात्री मिटतात पण उघडताना अडतात, त्याचे कारण हेच. शिवाय या कामात अंगठा, तर्जनी आणि मधले बोट चालते आणि करंगळीकडची दोन बोटे स्वस्थ राहून आधार देतात. पेन्सिल धरतानाही हाताची अशीच वाटणी लागते.

दुसरी, दोन हातांनी दोन वेगळी कामे करणे. एक हात कापतो, दुसरा कागद धरतो आणि फिरवतो. गुंडी लावणे, बुटाची नाडी बांधणे, भाकरी थापताना परात सांभाळणे, पुढे सायकलची चेन बसवणे, सगळीकडे हीच जोडी लागते.

तिसरी, डोळा आणि हात यांची सोबत. डोळ्याने रेघ पाहायची आणि हाताने तिच्यावरून चालायचे. लिहिताना दोन ओळींच्या मध्ये अक्षर बसवायला हीच सवय उपयोगी पडते.

मोबाईलच्या पडद्यावर बोट सरकवताना यांतले फारसे काही घडत नाही. एकच बोट चालते. जोर लागत नाही, चिमूट लागत नाही आणि दुसरा हात नुसता धरून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक दाखवू नये. तो तास कमी करून मुलाच्या हाती काय द्यायचे, हा पालकांचा प्रश्न असतो. रद्दी आणि कात्री हे त्याचे एक सोपे उत्तर आहे.

एका आजीची गोष्ट

मध्यंतरी जवळच्याच एका गावातून एक आजी आपल्या साडेचार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टरीणबाई, ह्यो ल्हानगा पेन्शिल दिसली की रडतोय बगा. साळंत त्याला ढ म्हणत्यात. डोस्क्यात काय कमी हाय का, ते तेवढं सांगा."

मी त्या मुलाशी गप्पा मारल्या. म्हशीला किती पाणी लागते, पाटाला पाणी कधी सुटते, सगळे त्याने नीट सांगितले. डोक्यात काही कमी नव्हते. मग त्याच्यापुढे एक जुनी लग्नपत्रिका आणि बोथट टोकाची लहान कात्री ठेवली. त्याने कात्री दोन्ही हातांत धरली, हेजकटर धरावा तशी, आणि कागद धरायला हातच उरला नाही. कात्री त्याने यापूर्वी कधी हातात घेतलेली नव्हती.

औषधाच्या चिठ्ठीवर मी औषध लिहिले नाही. रोज वीस मिनिटे कणकेचे गोळे आणि साप करणे, वर्तमानपत्र फाडून पट्ट्या करणे, भिजवलेला लहान टॉवेल पिळणे आणि पंधरा दिवसांनी कात्री, एवढेच लिहिले. आजींना कात्री पटेना. "लागली म्हंजी? आन् रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होत्यात म्हणत्यात."

मी म्हटले, "आजी, रिकामी वाजवायचीच नाही. कात्रीत कायम कागद असला पाहिजे."

हे मात्र त्यांना पटले. तीन महिन्यांनी तो मुलगा आला तेव्हा खिशातून त्याने रंगीत पताकांची दुमडलेली माळ काढून दाखवली. त्रिकोण सारखे नव्हते, पण सगळे त्याने स्वतः कापलेले होते. अक्षर अजून वाकडेच होते. हात दुखणे मात्र थांबले होते आणि वही पाहून रडणे थांबले होते. साडेचार वर्षांच्या मुलाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. "ढ" हा शिक्का त्याच्या कपाळावर कायमचा बसला असता तर तो पुसायला मात्र कोणत्याही दवाखान्यात औषध मिळाले नसते.

घरातच आहे तयारी

कात्रीच्या आधी हाताला बळ यावे लागते. त्यासाठी बाजारातून महागडी खेळणी आणायची गरज नाही. आपल्या कोरेगावच्या घरांत आणि शेतांत त्याची भरपूर सोय आहे. आपल्या भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंगावरच्या लाल पट्ट्यांमुळे त्याला वाघ्या म्हणतात, हे आपणांस ठाऊकच आहे. सुपात घेवडा घेऊन पट्टेवाले दाणे एकीकडे आणि खडे, डागाळलेले दाणे दुसरीकडे करायला चार-पाच वर्षांच्या मुलाला बसवावे. डोळा आणि चिमूट या दोन्हींना एवढा चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही.

भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मटार सोलणे, लसूण सोलणे, मेथी निवडणे, समईच्या वाती वळणे, रांगोळीची चिमूट सोडणे, दोऱ्यात फुले ओवणे ही सगळी बोटांचीच कामे. लग्नसराईच्या आधी बायका एकत्र बसून गव्हले आणि मालत्या वळायच्या, त्यांच्या कडेला बसलेल्या मुली पाहता पाहता वळायला शिकायच्या. सागरगोटे, बिट्ट्या, गोट्या, चिंचोके हे खेळ तर बोटांची तालीमच होते. वाळत घातलेल्या कपड्यांना लावायचे चिमटे उघडून ते डब्याच्या काठाला ओळीने लावणे, हा कात्रीआधीचा उत्तम खेळ आहे. त्यात नेमके तेच स्नायू राबतात.

या कामांत मुलग्यांनाही बसवावे. हाताचे स्नायू मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाहीत.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना देते. तीन वर्षांच्या आतील मुलाजवळ घेवडा, शेंगदाणे, चिंचोके, मणी असे काही ठेवू नये. असा दाणा श्वासनलिकेत अडकून मूल गुदमरू शकते. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनाही ही कामे मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावीत. दुसरे असे की, कच्चा घेवडा मुलांना चघळू देऊ नये. राजम्याच्या जातीच्या या कडधान्यात कच्चेपणी एक विषारी घटक असतो, त्याने जोराच्या उलट्या होतात. चांगला भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळून शिजवला की तो घटक नष्ट होतो. निवडून झाल्यावर मुलाचे हात धुवावेत, हे सांगायला नकोच.

कातरकामाच्या पायऱ्या

पुढे दिलेली वये ढोबळ आहेत. सहा महिने मागेपुढे झाले तर घाबरू नये. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच करू नये.

दोन ते अडीच वर्षे : कागद फाडणे. वर्तमानपत्राच्या आधी लांब पट्ट्या, मग बारीक तुकडे. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढे, एक हात मागे न्यायला शिकवावे. तुकडे घरच्या खळीने पाटीवर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवू द्यावेत. कणीक किंवा मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ तोंडात गेली तरी अपाय नाही.

अडीच ते तीन वर्षे : मुलाला मांडीवर किंवा शेजारी बसवून कात्रीची ओळख करून द्यावी. प्रथम कणकेचा साप करून त्याचे तुकडे करू द्यावेत. कणीक सरकत नाही, दुमडत नाही, त्यामुळे यश लगेच मिळते. मग बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी द्यावी, जी एकाच कातरीत तुटेल. "उघड... मीट" असे म्हणत कापावे.

तीन ते साडेतीन वर्षे : कागदाच्या कडेला झालर कापणे. कागदावर गवत, सिंहाची आयाळ, आजोबांची दाढी, काहीही करता येते.

साडेतीन ते साडेचार वर्षे : आधी कागद आरपार कापणे, मग जाड स्केचपेनने आखलेल्या सरळ रेघेवरून कापणे. रेघ बोटाएवढी जाड असावी. सरावाने ती बारीक करत जावे. पताका, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, कागदाची साखळी या वयात जमते.

पाच वर्षे : वळणदार रेघ आणि गोल.

सहा वर्षे : चौकोन, त्रिकोण, कोपऱ्यावर थांबून वळणे, साधी चित्रे कापणे.

कागदाची निवड महत्त्वाची आहे. पालक हमखास पतंगाचा किंवा वहीचा पातळ कागद देतात. तो कात्रीत दुमडतो आणि मूल चिडते. सुरुवात जाड कागदाने करावी. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, साबणाच्या आणि चहाच्या पुड्यांची खोकी उत्तम. वर्तमानपत्र आणि घोटीव कागद त्यानंतर, क्रेप कागद सर्वांत शेवटी. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मुलाने कंटाळा दाखवला की थांबावे.

कात्री कशी असावी, कशी धरावी

कात्री लहान, बोथट गोल टोकाची, पण धार असलेली असावी. अगदी न कापणारी प्लॅस्टिकची कात्री देऊ नये. ती कागद चावते, मूल जोर लावते आणि हात चुकीचे वळण घेतो. शिंप्याची मोठी कात्री किंवा अडकित्ता मुलांच्या हाती येता कामा नये.

अंगठा वरच्या छिद्रात, मधले बोट खालच्या छिद्रात आणि तर्जनी छिद्राच्या बाहेरून पुढे टेकलेली. छिद्र मोठे असेल तर मधल्या बोटासोबत त्याच्या शेजारचे बोटही घालता येईल. अंगठा नेहमी आभाळाकडे असावा. मुले हात उलटा करून अंगठा जमिनीकडे नेतात. अंगठ्याच्या नखावर पेनने एक डोळा काढावा आणि "हा डोळा तुझ्याकडे बघतोय ना?" असे विचारावे. मुलांना ते लगेच समजते. कोपर अंगाजवळ असावे. कात्री समोर सरळ चालावी आणि वळायचे असेल तेव्हा कागद फिरवावा. गोल कापताना उजव्या हाताच्या मुलाने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जावे, डावखुऱ्या मुलाने काट्यांच्या दिशेने. बसताना पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत. लोंबकळत्या पायांनी हात स्थिर राहत नाही.

डावखुऱ्या मुलांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शंभरांत साधारण दहा माणसे डावखुरी असतात. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी जुळवलेली असतात. उजव्या हाताने दाबताना दोन पाती आपोआप एकमेकींना चिकटतात. तीच कात्री डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकींपासून फाकतात, कागद मध्ये दुमडतो आणि वरच्या पात्याआड रेघही दिसेनाशी होते. मूल धांदरट ठरते, दोष मात्र कात्रीचा असतो. डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते. कागद-पुस्तकांच्या दुकानदाराला सांगितले तर तो साताऱ्याहून किंवा पुण्याहून मागवून देईल. मुलाचा हात बळेच बदलू नये.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

हे काही नवे विचार नाहीत. इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले, तेव्हा त्यांनी मुलांच्या हातांना काम दिले. गुंड्या लावण्याच्या, नाड्या बांधण्याच्या चौकटी त्यांनी तयार केल्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहून त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

परंतु त्यांची साधने महाग होती. खेड्यातल्या मुलाला ती कोठून मिळणार, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात दोन बायकांनी सोडवला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, नेले. शिंपले, बिया, खडे, पाने, माती, जे आसपास मिळेल ते त्यांनी शिक्षणाचे साधन केले. गाईगुरे चरायला नेणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत त्यांची कुरणशाळा पोहोचली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. त्यांच्या कामातून आपण एवढे जरी घेतले की मुलाच्या हाताला लागणारे सामान आपल्या अंगणातच असते, तरी पुष्कळ झाले.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या. कातरकाम, ठसेकाम, मातकाम, घडीकाम हे शब्द अंगणवाडीताईंना नवे नाहीत. पालक मात्र विचारतात, "ताई, लिहायला कधी शिकवणार?" २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक पायाभूत टप्पा मानला आहे आणि खेळातून, कृतीतून शिकण्यावर त्यात भर दिला आहे. पहिलीत प्रवेशाचे वय सहा वर्षे धरले आहे. तेव्हा मूल अंगणवाडीतून किंवा बालवाडीतून कागदाची फुले घेऊन घरी आले, तर "आज काहीच शिकवलं नाही वाटतं," असे म्हणू नका. त्या फुलात पुढची बाराखडी आहे.

लागले तर काय करावे?

कात्रीची भीती रास्त आहे, पण नियम पाळले तर जखमा क्वचित होतात. कात्री बसूनच चालवायची. कात्री घेऊन चालायचे किंवा पळायचे नाही. दुसऱ्याला देताना पाती आपल्या मुठीत मिटून मूठ त्याच्याकडे करायची. केस, कपडे आणि धाकटे भावंड यांच्यावर कात्री चालवायची नाही. हा शेवटचा नियम दोनदा सांगावा, कारण पहिले झुलपे कापून झाल्यावरच तो मुलांच्या लक्षात राहतो. काम संपले की कात्री मोजून परत ठेवायची.

बोट कापलेच तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावे, स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरावे आणि हात वर उचलून ठेवावा. सलग दहा मिनिटे दाबावे. दर मिनिटाला उचलून पाहू नये. हळद, चहाची पूड, चुना, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नये. रक्त थांबत नसेल, जखमेची तोंडे फाकलेली असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर डॉक्टरांकडे जावे. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर डोस वेळेवर झालेला असेल तर अशा स्वच्छ, लहान जखमेला सहसा धनुर्वाताचे वेगळे इंजेक्शन लागत नाही. म्हणून लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा. डोळ्याला टोक लागले तर डोळा चोळू नये, दाबू नये, त्यात काही थेंब टाकू नयेत. डोळ्यात काही रुतले असेल तर ते उपटू नये. स्वच्छ वाटीसारखे आवरण डोळ्याला न दाबता वरून धरावे आणि ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

केव्हा दाखवावे?

बहुतेक मुलांना सराव पुरतो. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र हात काही वेगळेच सांगत असतो. एक वर्षाच्या एका मुलीला तिची आई सर्दीसाठी घेऊन आली होती. आई हसत म्हणाली, "ही डावरी आहे, सगळं डाव्याच हातानं घेते." मी खुळखुळा मुद्दाम उजवीकडे धरला. मुलीने सारे अंग वळवून डावाच हात पुढे केला. उजवी मूठ मिटलेली होती, अंगठा आत दुमडलेला होता. दीड वर्षाच्या आत मुलाने एकच हात वापरणे हे डावखुरेपणाचे लक्षण समजू नये. दुसऱ्या हातात कमजोरी असण्याची शक्यता असते. तपासणीत तसेच निघाले. मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या सुमारास झालेल्या इजेचा तो परिणाम होता. उपचार लवकर सुरू झाले म्हणून आज ती मुलगी उजव्या हाताने कागद धरते आणि डाव्या हाताने कापते. शाळेत जायच्या वयात ती आली असती तर एवढी मजल मारणे फार अवघड गेले असते.

म्हणून पुढील गोष्टी आढळल्या तर थांबू नका : पाच-सहा महिन्यांनंतरही मूठ सतत मिटलेली, एक वर्षाचे झाले तरी चिमटीत वस्तू उचलता येत नाही, दीड वर्षाच्या आत एकच हात वापरणे, हाताला कंप किंवा ताठरपणा, पाच वर्षांचे झाले तरी मोठी गुंडी लावता न येणे, सहाव्या वर्षी सरावानंतरही सरळ रेघेवर कापता न येणे, आणि सर्वांत महत्त्वाचे, आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे. कधी कधी दोष हाताचा नसून नजरेचा असतो आणि चष्म्याने काम भागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी करायची असते. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. वरीलपैकी एखादी शंका असेल तर ती पथकातील डॉक्टरांना स्वतः बोलून सांगा. तेथून पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळते आणि ही सेवा विनामूल्य आहे.

या रविवारी एवढे करा. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका शोधा, एक लहान बोथट कात्री आणा, थोडी खळ शिजवा आणि मुलाजवळ अर्धा तास बसा. मूल जे कापेल ते वाकडेतिकडे असेल. ते सरळ करायला जाऊ नका. खाली सांडलेले कपटे त्यालाच गोळा करू द्या. एक एक कपटा चिमटीत उचलणे हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे.